डीपीवरच्या त्या माणसाबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणलास की आई तू सिनेमा लई मनावर घेतीस, आणि तेवढ्यात तुझा रूममेट आला म्हणून फोन ठेवलास, तर माझं राहिलेलं बोलणं इथं लिहायलेय. दोन दिवसांपासून थोडं थोडं टाइप करतेय. एवढा मोठा मेसेज बघून घाबरू नको, घरी सगळं ठीक आहे.

तुझ्या डीपीवर अजून तोच आहे, ॲनिमल सिनेमातला दाढीवाला हिरो. 2023 च्या डिसेंबरात आपण मावशीकडं संभाजीनगरला गेलो होतो तेव्हा तूच तिकिटं काढली होतीस, तू, मी आणि ताई. त्यात तो त्या पोरीला म्हणतो ना की खरंच प्रेम असेल तर माझा बूट चाट, तेव्हा मागच्या रांगेतून शिट्टी आली आणि तूही हसलास. सगळे हसले म्हणून तुला हसू आलं हे मला कळतं, त्याचा राग धरून मी नाही लिहायले. पण मी तेव्हा पडद्याकडं बघतच नव्हते, ताईकडं बघत होते. तिनं हातातला पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला आणि मग सिनेमा सुटेपर्यंत उचलला नाही. तुझ्या आणि तिच्या मधे मी बसले होते, एका बाजूला हसणं आणि एका बाजूला ते, तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे.

अजून एक बघितलं होतं. त्यात तो बापाला म्हणतो की आता तुम्ही मी व्हा आणि मी तुम्ही होतो, त्या सीनला तुझे डोळे भरले होते. अंधारात तुला वाटलं कुणी बघत नाही, पण आईला दिसतं लेकरा. बाबांची एसटीची नोकरी, त्यात कायम मुक्कामी गाडी, तू झोपल्यावर यायचे नाहीतर दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेल्यावर. तुझ्या गॅदरिंगला एकदाही आले नाहीत, बक्षीस घेऊन तू रात्री साडेदहापर्यंत ओट्यावर बसला होतास आणि त्यांची गाडी जिंतूरला बंद पडली होती. ते काही मी विसरले नाही. म्हणून तो माणूस तुला जवळचा वाटला यात मला नवल वाटत नाही. त्याच्यात तुला तुझं दुखणं दिसलं. पण मग दुखण्याबरोबर त्याची बंदूक पण आपली वाटायला लागली, बायकोशी वागायची त्याची रीत पण आपली वाटायला लागली, आणि तो बूट पण. तू म्हणतोस बापाचं प्रेम मिळालं नाही म्हणून तो तसा झाला. असेल की. पण कुणी असं का वागलं ते कळणं वेगळं आणि त्याला सगळं माफ करणं वेगळं, आणि बाहेर येऊन आपण चहा पिताना बोललो तेव्हा तू हे दोन्ही एकच करून टाकलं होतंस.

तुला वाटेल आईला वाईट माणसाचे सिनेमेच आवडत नाहीत. तसं नाही रे. उन्हाळ्यात तू लॅपटॉपवर तो 1960 चा सायको लावला होतास, मी खाली ज्वारी निवडत बसले होते. तो पोरगा त्या बाईचं प्रेत गाडीत घालून गाडी दलदलीत ढकलतो आणि ती बुडता बुडता मधेच थांबते, आठवतं? माझा हात सुपातच थांबला होता आणि मनात आलं होतं की बुड की बाई लवकर. नंतर मलाच कसंतरी झालं, कारण त्या बाईबरोबर आपण पाऊण तास होतो, तिचं टेन्शन आपलं झालं होतं, आणि ती मेल्यावर दहा मिनिटांत मी तिला विसरून प्रेत लपवणाऱ्याच्या काळजीत पडले. कॅमेरा ज्याच्या शेजारी बसवतो त्याची काळजी आपल्याला वाटायला लागते, माणूस चांगला आहे की नाही ते मन तेव्हा विचारत नाही. हे सगळ्यांचंच होतं, तुझं एकट्याचं नाही.

आता जे फोनवर सांगायचं होतं ते. किल्लारीचा भूकंप झाला 1993 ला, 30 सप्टेंबरला पहाटे, तेव्हा मी अंबाजोगाईला अकरावीला होते. भूकंपानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपायचो. त्याच वर्षाच्या शेवटी डर सिनेमा आला, आमच्याकडं थोडा उशिरा आला असेल. आम्ही चार मैत्रिणी गेलो होतो आणि खरं सांगते, आम्हाला सनी देओल नाही आवडला, जुहीच्या मागं लागलेला शाहरुखच आवडला. तो तोतरं बोलायचा ते सगळ्या कॉलेजात सुरू झालं. सिनेमात जुहीची भीती नीट दाखवली होती, शेवटी त्याला मारलं पण होतं, सिनेमानं काही लपवलं नव्हतं. पण घरी येताना आमच्यासोबत फक्त तोच आला, ती थेटरातच राहिली.

मग एक पोरगा आमच्यातल्या एकीच्या मागं लागला, नाव लिहीत नाही, तू तिला भेटलायस. बसस्टँडपर्यंत यायचा, तसंच तोतरं नाव घ्यायचा, आणि आम्ही तिघी हसायचो. मी हसायचे ओंकार. तिला म्हणायचे की किती प्रेम करतो तुझ्यावर. तिनं एकदा रडत सांगितलं की मला रात्री झोप येत नाही, तर आम्हाला वाटलं भाव खायलीय. तिच्या घरी कळलं आणि तिचं कॉलेज बंद झालं, त्याचं नाही. मे महिन्यात तिचं लग्न लावून दिलं. वर्गात गणितात पहिली होती ती. तू म्हणतोस टॅक्सी ड्रायव्हर सिनेमा लाखो लोकांनी बघितला आणि तो बघून 1981 ला अमेरिकेच्या अध्यक्षावर, रेगनवर गोळी झाडणारा एकच निघाला, म्हणजे सिनेमानं कुणी बिघडत नाही. बरोबर आहे, तो पोरगा पण सिनेमानं बिघडला असं मी नाही म्हणत. मी आमच्या हसण्याबद्दल सांगतेय. आम्ही कुणाला गोळी घातली नव्हती.

तुझे आजोबा, माझे नाना, निळू फुल्यांचे लई भक्त. पण त्यांचा सामना सिनेमा लागला की म्हणायचे, बाई, हा नीट बघ. त्यातला हिंदुराव कारखान्याचा मोठा पुढारी, बोलायला गोड, घरी आणून ठेवलेल्या त्या दारुड्या मास्तराची सगळी बडदास्त ठेवतो, आपल्याला तो आवडायलाच लागतो. पण श्रीराम लागूंचा तो मास्तर सारखं विचारत राहतो की गावातून नाहीसा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं. हिंदुराव कितीही रुबाबात दिसू दे, मारुती कांबळेला तो मास्तर आपल्याला विसरू देत नाही. ज्या सिनेमात असा विचारणारा कुणी नसतो त्यात ते आपल्यालाच विचारावं लागतं, आणि शिट्ट्यांच्या आवाजात ते अवघड जातं हे मला मान्य आहे.

डीपी बदल असं मी म्हणत नाही, तुझा फोन आहे. आणि बाबांवर काही राग असेल तर तो त्यांना सांग, ते आता रिटायर व्हायला आलेत, ऐकून घेतील, मी असते मधे. फक्त एक काम कर. ताईला एकदा निवांत फोन लाव आणि तिला त्या दिवशी काय वाटलं होतं ते विचार. मी दोनदा विचारलं तर काही नाही म्हणली. तुला सांगेल असं वाटतं.

ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी शनिवारच्या गाडीला पाठवते.

तुझी आई
परभणी