डब्यातून आलेला जिआर्डिया : कामगारांच्या तपासणीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
डबा पुरवठा विभाग, पुणे

विषय : कच्च्या पदार्थांतून झालेला संसर्ग व स्वयंपाकघरातील कामगारांची अपुरी तपासणी

महोदय,

गेल्या महिन्यात मी आणि माझी मुलगी जुलाब, पोटात मुरडा आणि करपट ढेकरांनी बेजार झालो. शौच तपासणीत दोघींनाही जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) निघाला. शेजारच्या घरातही तेच. इमारतीची पाण्याची टाकी एकच आहे, पण आजारी पडले ते आपला डबा घेणारेच. फोन केला तर "बाहेरचं पाणी प्यायलात का?" एवढं विचारून आपल्या प्रतिनिधीने विषय संपवला.

म्हणून मी स्वतः आपलं स्वयंपाकघर पाहून आले. आमटी-भाजीबद्दल माझं काही म्हणणं नाही, उकळीत जिआर्डिया टिकत नाही. प्रश्न कोशिंबीर, चिरलेला कांदा आणि हिरव्या चटणीचा आहे. काकडी कोचवणाऱ्या मावशी मागच्या संडासातून आल्या, पिंपातून मगाने पाणी घेऊन हात विसळले, खांद्यावरच्या फडक्याला पुसले आणि पुन्हा विळीवर बसल्या. साबण कुठेच नव्हता. दाराशी सॅनिटायझरची बाटली टांगलेली होती, पण जिआर्डियाच्या सिस्टवर (शौचातून बाहेर पडणाऱ्या त्याच्या कवचबंद रूपावर) त्याचा भरवसा धरता येत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळावे लागतात. अवघ्या १०-२५ सिस्ट पोटात गेल्या तरी संसर्ग होऊ शकतो.

भिंतीवर फिटनेस सर्टिफिकेटं आहेत. अन्न सुरक्षा नियमांच्या अनुसूची ४ नुसार कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, ती कागदावर झालेली दिसते. सगळ्यांची तारीख एक, शेरा एक, शौच तपासणीचा रिपोर्ट एकालाही जोडलेला नाही. "टायफॉइडची लस दिली आहे," असं मला सांगण्यात आलं. त्या लशीने जिआर्डिया किंवा आव पाडणारा अमिबा अडत नाही. शिवाय अमिबा पोटात असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, त्यामुळे "पोट ठीक आहे ना?" विचारून भागत नाही. सिस्ट शौचातून रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने तपासावे लागतात.

ही तपासणी कंपनीने स्वतःच्या खर्चाने करावी. ज्यांच्यात संसर्ग सापडेल त्यांना औषध आणि पगारी रजा द्यावी. खाडा धरून पगार कापणार असाल तर जुलाब लागलेला माणूस गप्प राहून कामावर येणारच. त्या मावशींना कामावरून काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. साबण आणि नळाची सोय करणं हे त्यांचं नव्हे, आपलं काम होतं. ती सोय आणि तपासणी होईपर्यंत डब्यातून कच्चं काही पाठवू नका.

दोघींचे लॅब रिपोर्ट आणि औषधांची बिलं सोबत जोडली आहेत, त्यांची भरपाई मिळावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवेन.

आपली,
एक नियमित ग्राहक