गोळ्या सोडा म्हणायला तुमचं काय जातंय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला मनाच्या आजारांवरचा लेख वाचला. योगा, प्राणायाम, पहाटेचं फिरणं, सगळं छान, त्याला कोण नको म्हणतंय? पण 'गोळ्यांची सवय लागते, मन खंबीर करून सोडून द्या' हे छापण्याआधी एखाद्या सायकियाट्रिस्टला फोन तरी लावायचा होता की.

माझा धाकटा भाऊ बायपोलर आहे, म्हणजे कधी मन अति उत्साहात, कधी खोल उदास, असा आजार; बरीच वर्षं लिथियमवर, मन स्थिर ठेवणाऱ्या गोळ्यांवर. नोकरी करतो, शेत बघतो, गल्लीतल्या गणपतीची आरास त्याच्याशिवाय होत नाही. गेल्या उन्हाळ्यात गुडघा दुखायला लागला म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, दुकानदारानं दुसरं काय चालू आहे एवढंही विचारलं नाही, त्यात दिवसभर उन्हात आणि पोटात पाणी नाही. आठवड्याभरात जुलाब, जीभ जड, चालताना झोकांड्या, हात इतके थरथरायचे की बशीतला चहा शर्टावर. गल्लीत बोभाटा झाला, सकाळी सकाळीच घेतलीय म्हणून! आपल्याकडं चिडवताना 'धारवाडला घाला ह्याला' म्हणतात, तिथल्या मनोरुग्णालयावरून; तिथंच नेला. रक्तात लिथियम १.९ निघालं, पाहिजे साधारण ०.६ ते १ च्या दरम्यान. तसल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी किडनीतून लिथियम बाहेर पडायचं कमी होतं. सलाईन लावलं, लिथियम थांबवलं, उतरल्यावर डोस परत बसवला. बंद नाही केलं हं, बसवला.

आणि आता काकी फोनवर, "पेपरातच आलंय, सोड म्हणावं त्याला." एकदम सोडलं की आजार उसळून येतो हे तिला कुणी सांगायचं, तुमच्या लेखकमहाशयांनी? लिहायचंच तर हे लिहा की रक्तातली लिथियमची लेव्हल, थायरॉईड, किडनी वेळच्या वेळी तपासा आणि दुसरी कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. टेलिमानस ह्या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो, तो तरी छापायचा. त्या जागी काय, तर लेखाखालीच 'करणी, बाधा, एका दिवसात गुण' अशी चौकट. वर गोळ्या सोडा, खाली बाबा तयार. जाहिरातीचा रेट चांगला असणार.

अजून एक, दुकानाच्या पाट्यांच्या भाषेवर आपण पानंच्या पानं भरतो, पण औषध कसं घ्यायचं तो कागद मराठीत द्या म्हणून दोन ओळींची बातमी नाही. आईला कन्नड वाचता येत नाही, पाकिटांवर पेनानं सूर्य आणि चंद्र काढून देतो मी.

खुलासा त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या टायपात यावा. आतल्या पानावर कोपऱ्यात नको.

एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)