पणजीचं माहेर

सोलापूर

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला वंशावळीचा तक्ता मिळाला. बाबांनी लगेच त्यात वरच्या अंगाला आणखी चौकोन काढले. त्यांना पेशवाईपर्यंत पोचायचंय. मोहोळकडच्या मूळ गावचं कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची वही), जमिनीचे जुने फेरफार, हेच चाललंय. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारला, म्हणून आता स्वतःच मोडी शिकतो म्हणतात. पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, जाऊ देत. पण त्या तक्त्यात एकही बाई नाही, बघितलंस का? बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. जशी काही ही मंडळी आपली आपणच जन्माला आली!

माझं ऐकशील तर यंदा वर चढायचं सोड आणि पणजीचं माहेर शोध. ‘मोगलाईतली (म्हणजे निजामाच्या राज्यातली), तुळजापूरकडची’ एवढंच घरात सगळ्यांना माहीत आहे. आडनावही आहे. गाव मात्र कुणी सांगत नाही.

परवा माळ्यावरचा पणजीचा पितळी हंडा घासायला काढला. त्याच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं आहे. चिंच आणि राखेनं घासून घासून अर्धं गुळगुळीत झालंय. तिरप्या उजेडात धरलं तेव्हा ‘मामाकडून आहेर, शके 1861’ एवढं लागलं. म्हणजे 78 मिळवून 1939. पुढे ‘मु. के’ आणि मग सपाट. केमवाडीही असेल, केशेगावही. फोटो पाठवलाय, मोठा करून बघ. अर्थात मामाचं गाव म्हणजे माहेरच असं नाही, पण तेव्हाच्या सोयरिकी लांब जायच्या नाहीत.

आता खरी गंमत. बाबांना आजोबांची जन्मनोंद पालिकेत सापडली नाही. सापडणार कशी? आजोबा पहिलटकरणीचं मूल. पहिलं बाळंतपण माहेरी, मग पणजी काय सोलापुरात थांबली असेल? हे बाबांच्या डोक्यात आलं नाही, कारण बाळंतपणाला कोण कुठे जातं याचा हिशेब बायकाच ठेवतात. तेव्हा पहिलं काम शाळेचं. आजोबांच्या शाळेत जनरल रजिस्टरचा उतारा माग. दाखल्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो. तारखेवर विसंबू नकोस, त्या पिढीत निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला असायचा. पण गावाचं नाव मास्तर सहसा मनानं घालत नसत.

गाव कळलं की ते 1948 आधी कुणाच्या अमलाखाली होतं ते आधी बघायचं. आपल्या सोलापूरच्या आसपास तिघांचं राज्य होतं: सोलापूर जिल्हा इंग्रजांचा, अक्कलकोट संस्थान वेगळं आणि तुळजापूर निजामाचं. मोगलाईतले जुने कागद बरेचदा उर्दूत निघतात आणि साल फसली, म्हणजे महसुली असतं, त्यात 590 मिळवायचे. बाबांची नुसती मोडी तिथे पुरायची नाही. उर्दू वाचणारं कुणीतरी बघावं लागेल.

कागदाआधी आत्याआजीला गाठ. पणजीची ती एकच लेक उरली आहे आणि हडपसर तुला काही लांब नाही. ‘आपले पूर्वज कोण’ असं विचारलंस तर ती ‘मला मेलीला काय माहीत’ म्हणेल. त्यापेक्षा विचार, दिवाळीला मामाकडे कशी जायचीस, एसटीतून उतरल्यावर बैलगाडी कुणाची यायची, नदी ओलांडावी लागायची का, जत्रा कुठल्या देवाची, कुठल्या महिन्यात. मग गाव आपोआप बाहेर येईल. आणि मधे बोलू नकोस, तुला सवय आहे.

तुळजापूरला पुजाऱ्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. पणजीच्या माहेरचं आडनाव आणि गाव हातात असलं की तिथे विचारता येईल. नवरात्रात नको, गर्दीत वही कोण काढून बसणार? कोजागिरीलाही सोलापूर अर्धं चालत तिकडेच निघतं. ती झाली की जाऊ. मी रजा टाकते, तूही आत्ताच सांगून ठेव.

सोबत शेंगाचटणीचे दोन डबे आहेत, त्यातला मोठा आत्याआजीचा. आधी डबा दे, चहा होऊ दे, मग फोनवर रेकॉर्डिंग लाव. आणि तिला विचारून लाव.

तुझी
आई