स्टँड मागवायच्या आधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

मॉनिटरखाली ठेवायला स्टँड हवाय म्हणालात म्हणून दोन बघूनही ठेवले होते. पण परवाच्या व्हिडिओ कॉलनंतर हात आखडता घेतला. बाबा, स्क्रीनवरचं वाचताना तुम्ही हनुवटी वर उचलता, माहितेय का? तुमच्यासारख्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे दूरचा-जवळचा नंबर एकाच काचेत असतो त्यात, जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. त्यातून अक्षरं दिसावीत म्हणून मान मागे जाते. मॉनिटर अजून वर चढवला तर मान अजून मागे, आणि संध्याकाळी पुन्हा आईकडून मलम चोळून घेणं आलंच. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा असं सगळे सांगतात, पण ते अशा चष्म्याला लागू होत नाही. तुम्हाला स्क्रीन उलट खाली हवा, आणि वरची बाजू जराशी मागे कललेली. तेव्हा मॉनिटरखाली सारलेल्या त्या दोन जाड डायऱ्या आजच काढा. आठवडाभरात फरक पडला नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा विचारा. जाताना डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजून न्या.

आई, तुला मात्र स्टँड हवाच. तुझा चष्मा एकाच नंबरचा, आणि लॅपटॉपवर तू अक्षरशः वाकून बसतेस. लॅपटॉप वर गेला की कीबोर्ड-माऊस वेगळे लागतील, नाहीतर मान सुटेल आणि खांदे धरतील. ते मी पाठवते. तू पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बस, समोर बघ, आणि बाबांना टेबलापासून तुझ्या डोळ्यांपर्यंत टेप लावू दे. समज 42 सेंटिमीटर आलं आणि लॅपटॉपचा उघडा स्क्रीन 23 चा, तर 19 पर्यंतचा स्टँड. एखाद-दोन सेंटिमीटर कमी चालेल, जास्त नको. शक्यतो उंची कमीजास्त करता येणाराच घेऊ.

लॅपटॉपची लांबी-रुंदीही मोजा. मी माझ्या मॉनिटरसाठी नुसता दिसायला छान म्हणून एक घेतला, तर मॉनिटरचा पाय फळीच्या पुढे चार बोटं लोंबत होता. शिवाय फळी पातळ, महिन्याभरात मधोमध झोळ. आता त्यावर कुंड्या आहेत.

मापं कागदावर लिहून फोटो पाठवा, फोनवर सांगू नका. पडद्यांच्या वेळी इंचाचे सेंटिमीटर झाले होते, आठवतंय ना?

तुमची,
लेक