आपला सह्याद्री दक्षिण गोलार्धातून आलाय

संपादक महोदय,

गेल्या रविवारी वरंधा घाटात मुलीला रस्त्याकडेचा काळा कातळ दाखवत होते, तिने विचारलं हा दगड इथलाच का गं आई, आणि मला सांगावं लागलं की नाही बाळा, हा थंड झाला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या खाली होती. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, लाव्हा 580 अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की ते त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात, ती दिशा जमिनीशी किती अंशांचा कोन करते त्यावरून अक्षांश निघतो. आपल्या बसाल्टचा, म्हणजे या काळ्या दगडाचा, निघतो सुमारे 30 अंश दक्षिण! आज महाबळेश्वर 18 अंश उत्तरेला आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरचा प्रवास, वर्षाला सरासरी आठेक सेंटीमीटर. 1950 च्या दशकात क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी भारतातले दगड मोजले, तेव्हा खंड सरकतात हे बहुतेक भूवैज्ञानिकांना पटतच नव्हतं.

महाबळेश्वरच्या बाजूला तर आणखी गंमत आहे, खालच्या थरांत चुंबकाची दिशा आजच्या उलट आणि वरच्या थरांत सरळ, पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पालटले ते कड्यातच नोंदलंय.

पॉइंटवर माकडांना खाऊ घालू नका असे बोर्ड आहेत, ते हवेतच, पण शेजारी या दगडाचाही एक बोर्ड लावा की, मराठीत.

एक वाचक, पुणे