काकूंना वाचून दाखव

जोहान्सबर्ग, रविवार

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हळदीकुंकवाला तू बायकांना सांगितलंस म्हणे, आमची सुमा आफ्रिकेत झाडपाल्यापासून एड्सचं औषध काढतेय. कौतुकानं सांगितलंस, कळतं मला. पण आता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारतायत की भावानं एचआयव्हीच्या सरकारी गोळ्या सोडून ते घेतलं तर चालेल का. म्हणून फोनवर न सांगता लिहितेय. त्यांना वाचून दाखव, पण फक्त त्यांनाच. इमारतीत दुसऱ्या कुणासमोर भावाचा विषय काढू नकोस.

एड्सचं औषध मी काढत नाही. एचआयव्ही असलेल्यांच्या तोंडातल्या जंतूंवर इथल्या झाडांचे अर्क चालतात का, एवढंच आम्ही तपासतो. प्रतिकारशक्ती खालावली की ते तोंडात लवकर दिसतं. जिभेवर कॅन्डिडा बुरशीचा पांढरा थर येतो, हिरड्यांतून रक्त येतं, कधी हिरडी सडून दात हलू लागतात. मग जेवण जात नाही, गोळ्याही गिळवत नाहीत. खेड्यात दाताचा डॉक्टर लांब आणि झाडपाला देणारा इन्यांगा शेजारी. तो देतो त्या सालीत दम आहे का, हे बघायचं.

इथल्या फॅराडे बाजारात एकदा तुला आणायला हवं. नुसते साली, मुळ्या आणि कंदांचे ढीग! झुलू लोक इसिभाहा नावाच्या झाडाची तिखट साल तोंड आल्यावर वापरतात. ती इतकी ओरबाडली गेली की झाडच धोक्यात आलंय. मोझांबिकच्या बायका 'मुलाला'च्या मुळीनं दात घासतात, त्यानं ओठ तांबूस होतात. बाबांना सांग, हे झाड आपल्या विडीच्या टेंभुर्णीच्या कुळातलं.

साल वाळवून दळायची, पाण्यात नाहीतर अ‍ॅसिटोनमध्ये अर्क काढायचा. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये तो दरवेळी निम्मा पातळ करत जायचं, जंतू सोडायचे आणि शेवटी एक रसायन घालायचं. जंतू जिवंत असले की खळगा गुलाबी होतो. प्रिटोरियाच्या एलॉफ यांनी ही पद्धत 1998 मध्ये मांडली. तुलनेला क्लोरहेक्सिडिन असतं, गुळण्यांना देतात ते. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स भराभर वाढतो. हिरडीतल्या पॉर्फिरोमोनासला मात्र ऑक्सिजन सोसत नाही, त्याचे काळे ठिपके दिसायला आठवडा लागतो. त्याच्या लाडात माझे शनिवार जातात.

आणि प्लेटमध्ये मेले म्हणून तोंडात मरतील असं नाही. टाकीच्या भिंतीला शेवाळ धरतं तसा दातावर जंतूंचा चिकट थर बसतो, त्याच्या आत अर्क नीट पोचत नाही. शिवाय अर्क आपल्याच पेशी मारत नाही ना, तेही पाहावं लागतं. यातून जे टिकेल त्याची फार तर गुळणी होईल, तीही गोळ्यांच्या जोडीला.

या देशात 'गोळ्यांऐवजी' या शब्दाची भीती बसलीय. इथल्या तेव्हाच्या आरोग्यमंत्रीबाई लसूण, बीट आणि लिंबाचा पुरस्कार करायच्या. 2006 च्या टोरांटो परिषदेत देशाच्या दालनात हीच भाजी मांडली होती. गोळ्या उशिरा मिळाल्यामुळे 3 लाख 30 हजारांहून जास्त जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी 2008 मध्ये काढला. लसूण तर निरुपद्रवी वाटतो ना? लसणाच्या गोळ्यांनी सॅक्विनाव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आल्याचं 2002 मध्येच छापून आलं होतं.

तर काकूंना सांग, भावानं एक दिवसही गोळी चुकवू नये. जेजे रुग्णालयात 2004 पासून त्या मोफत मिळतात. कुठला काढा घेत असेल तर एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे या गोळ्या देतात तिथे, लपवू नये. तोंडाचा त्रास असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहे, नाहीतर नायरचं. लाजू नये.

आता माझं काम. आजी हलणाऱ्या दातांना बकुळीची साल वापरायची. ताजी की वाळलेली? उकळून गुळण्या, की पूड करून घासायची? आत्याला नीट विचार. पाण्यातला अर्क आणि अ‍ॅसिटोनमधला अर्क यांत फार फरक पडतो, म्हणून नक्की काय करायची तेच हवंय. आत्या सांगेल त्याच शब्दांत लिहून घे, तुझी भर नको.

तुझी,
सुमा