झाडावर नोटीस लागते त्या दिवशी : ठाणेकर नागरिकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

ठाणे शहरातील झाडे, तलाव आणि खाडी यांविषयी नागरिकांच्या वतीने महापालिकेकडे लेखी सूचना व हरकती पाठवणारे आमचे पर्यावरण सल्लागार मंडळ पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालते. या मंडळाला आज नवे सदस्य हवे आहेत आणि थोडा निधीही हवा आहे. दोन्हींपैकी अधिक निकड सदस्यांची आहे. म्हणून देणगीविषयी लिहिण्याआधी सदस्यांना नेमके काय करावे लागते, ते सविस्तर सांगतो.

मंडळाला कसलेही अधिकार नाहीत. आम्ही कोणाचे काम थांबवू शकत नाही की कोणाला दंड करू शकत नाही. आमच्या हाती फक्त सल्ला आहे, आणि जागेवर जाऊन पाहिलेल्या, मोजलेल्या व तारखेनिशी लिहून ठेवलेल्या नोंदी सोबत असतील तरच त्या सल्ल्याला वजन येते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीमुळे नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हे विषय नागरी स्थानिक संस्थांच्या कक्षेत आले. महापालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागील आर्थिक वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड तोडण्याचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः पाहणी करून, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आणि त्या झाडावर ठळक जागी नोटीस लावून लोकांना कळवायचे असते. नागरिकाला बोलण्याची जागा कायद्याने अशी करून ठेवली आहे. त्या जागेवर वेळेत पोहोचणारी माणसे मात्र आमच्याकडे कमी पडत आहेत.

त्याची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एका अंतर्गत रस्त्यावरील झाडांविषयीची नोटीस वर्तमानपत्रात आली. रोज सकाळी अशा नोटिसा पाहून कात्रणे ठेवणारे आमचे ज्येष्ठ सदस्य त्या आठवड्यात गावी गेले होते आणि त्यांचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवायचे आमच्याकडून राहून गेले. आम्हाला कळले तेव्हा हरकतीची मुदत उलटून गेली होती. नंतर आम्ही तिथे गेलो, तर रस्त्याच्या कडेला पाच ताजे बुंधे होते आणि लाकडाचा भुसा पावलांनी घरांच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचला होता. ती परवानगी रीतसर दिली गेली असेलही, परंतु त्या फाइलमध्ये आमचे एक ओळीचेही पत्र नव्हते. चूक सर्वस्वी आमची होती. त्या पाचांपैकी एका पर्जन्यवृक्षाची सावली चार घरांवर पडत असे आणि त्याच्या खोडाचा घेर आमच्यापैकी कोणीही कधी मोजलेला नव्हता, ही खंत आजही आहे.

घेर मोजणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर फार महत्त्वाचे झाले आहे. या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. झाडाला जन्मदाखला नसतो. त्याचे वय त्याची जात आणि खोडाचा घेर यांवरूनच अजमावावे लागते, आणि एकच झाड चाळीस वर्षांचे ठरते की साठ वर्षांचे, यावर वीस नव्या झाडांचा आणि वारसा दर्जाचा फरक पडतो. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीपाशी, टेप खोडाला घट्ट पण न आवळता लावायची आणि आकडा दोघांनी वाचायचा, इतकीच ही रीत आहे. शिंप्याकडची टेप जुन्या पर्जन्यवृक्षाला एका फेरीत पुरत नाही, म्हणून आम्ही लांब कापडी टेपा घेतल्या आहेत. त्याच वेळी खोडाभोवती पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट किती जवळ आले आहे, फांद्यांवर खिळे किंवा रोषणाईच्या तारा आहेत का, बुंध्याला पोकळी आहे का, हेही लिहायचे असते. पावसाळ्याआधी ही नोंद हाती असली तर धोकादायक फांदी वेळेवर छाटावी अशी विनंती करता येते आणि उरलेले झाड वाचते. आमच्या मते झाडांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी ठरणारे पत्र हेच आहे. विरोधाच्या पत्रापेक्षा वेळेवर केलेल्या छाटणीच्या विनंतीने अधिक झाडे टिकताना आम्ही पाहिली आहेत.

दुसरे काम पाण्याचे आहे. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात आणि मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. तथापि काठावरच्या फरसबंदीवरून चालताना पाण्याची प्रकृती कळत नाही. दिवसा शेवाळ प्रकाशाच्या मदतीने पाण्यात प्राणवायू सोडते, तर रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. तलावात मेलेले मासे बहुधा सकाळीच तरंगताना दिसतात, त्याचे हे एक कारण आहे. म्हणून नमुना पहाटे घ्यावा लागतो. काचेची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा आत न राहू देता भरायची आणि तिच्यात काठावरच दोन रसायने घालायची. तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पहिल्यांदा पांढरा साका पाहिला त्या सकाळी आमच्यातील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी बाटली हातात धरून बराच वेळ काही बोललीच नाही. पुढचे मोजमाप प्रयोगशाळेत होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासे आणि वन्यजीव यांसाठीच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा लागतो. आमच्या सूचनेत हा आकडा आणि आमच्या बाटलीचा आकडा शेजारी शेजारी लिहिला, की पत्राला उत्तर देणे कार्यालयालाही सोपे जाते.

गणेशोत्सवाच्या आधी आणि नंतरचे नमुने विशेष महत्त्वाचे असतात. कृत्रिम तलावांत विसर्जन करण्याची सवय ठाणेकरांनी मनापासून लावून घेतली आहे आणि तिचा तलावांना किती फायदा होतो, हे दाखवायला सलग काही वर्षांच्या नोंदी हव्यात.

खाडीकाठी आमची माणसे सर्वांत कमी आहेत. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. कांदळवन तोडण्यास मनाई करणारा आणि त्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकालही आपल्या पाठीशी आहे. असे असूनही रात्री एखादा डंपर येऊन राडारोडा टाकून जातो. तिवर या कांदळवनातील झाडाची चिखलातून वर आलेली, श्वास घेणारी बोटभर उंचीची मुळे त्याखाली गाडली जातात आणि काही महिन्यांत वरचे हिरवे झाड उभ्या उभ्या वाळते. झाड कोणी तोडलेले नसते, त्यामुळे तक्रार कशाची करायची, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर दर पंधरवड्याला त्याच जागेवरून, त्याच दिशेने काढलेल्या छायाचित्रांत असते. चेंदणी कोळीवाड्यातील आमचे एक सदस्य भरती-ओहोटीची वेळ पाहून आम्हाला नेतात. निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, कुठे दिसत होत्या आणि कुठून नाहीशा झाल्या, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यासारखे आणखी चौघे मिळाले, तर विटाव्यापासून कोलशेतपर्यंतच्या काठाची नियमित नोंद ठेवता येईल.

महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत. आमचे बहुतेक सदस्य नौपाडा आणि उथळसर भागांतले आहेत, मुंब्रा व दिवा येथून आज एकही नाही. ही उणीव आम्हाला बोचते. अनेक वर्षे कचराभूमीचा धूर सोसलेल्या दिवेकरांच्या वतीने नौपाड्यातील माणसाने सूचना लिहावी, हे उचित नाही. त्यामुळे कळवा, मुंब्रा, दिवा, वागळे इस्टेट आणि लोकमान्य-सावरकर नगर येथील नागरिकांनी आवर्जून पुढे यावे, अशी विशेष विनंती आहे.

शिक्षणाची किंवा वयाची अट नाही. निवृत्त अभियंते, गृहिणी, रिक्षाचालक, विद्यार्थी, कोणीही येऊ शकते. अट आहे ती महिन्यातून दोन सकाळी नेमाने देण्याची आणि पाहिले तेवढेच लिहिण्याची. ऐकीव माहिती आमच्या पत्रात जात नाही. आणखी एक शिस्त आम्ही कटाक्षाने पाळतो, ती म्हणजे एखाद्या प्रस्तावात सदस्याचे किंवा त्याच्या घरच्यांचे हितसंबंध गुंतलेले असतील, तर तो सदस्य त्या विषयापुरता बाजूला राहतो. पर्यावरण स्थिती अहवालासाठी आमच्या वर्षभराच्या नोंदी मे महिन्याच्या अखेरीस तयार व्हायला हव्यात, म्हणून रोज वर्तमानपत्रातील नोटिसा पाहणारे आणि मराठीत स्वच्छ टंकलेखन करणारे घरबसले साहाय्यकही हवे आहेत. ज्यांना चालणे जमत नाही त्यांनी हे काम घ्यावे. दिवाळीच्या त्या आठवड्यात आम्हाला नेमके असेच दुसरे माणूस हवे होते.

आता निधीविषयी. सदस्य मानधन किंवा प्रवासभत्ता घेत नाहीत, अपवाद फक्त लांबून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लोकल व बसच्या तिकिटांचा. खर्च होतो तो प्रयोगशाळेतील तपासणी, रसायने, नमुन्याच्या बाटल्या, टेपा, छायाचित्रांच्या प्रती आणि टपाल यांवर. माहिती अधिकाराच्या अर्जाचे शुल्क १० रुपयेच असते, पण त्यानंतर मिळणाऱ्या कागदांना प्रतिपान २ रुपये पडतात आणि एखादी फाइल काही शे पानांची निघते. देणगी कितीही लहान असली तरी तिची पावती दिली जाईल, आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब मासिक बैठकीत वाचून दाखवला जाईल. बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार किंवा ज्यांच्या प्रस्तावावर आम्हाला मत द्यावे लागू शकते अशा कोणाकडूनही आम्ही देणगी घेत नाही. त्यांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये. ज्यांना रोख रक्कम देणे सोयीचे नाही, त्यांनी काचेच्या बाटल्या, छत्र्या, विजेऱ्या किंवा वापरात नसलेला पण चालू स्थितीतील संगणक दिला तरी तो मोलाचा ठरेल.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता आम्ही तलावपाळीवर, कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूच्या काठावर जमणार आहोत. आधी पाण्याचे नमुने घेतले जातील आणि उजाडल्यावर जवळच्या रस्त्यावरील झाडांचे घेर मोजून दाखवले जातील. नाव नोंदवणे आणि देणगी देणे, दोन्ही तिथेच करता येईल. येताना एक वही, पिण्याचे पाणी आणि शिसपेन्सिल आणावी. ओल्या हाताने पेनने लिहिलेले टिकत नाही.